पहाटे पोटदुखी, जड पापण्या, दंशाची खूण नाही: मण्यारदंश कसा ओळखायचा आणि पहिल्या तासात काय करायचं?

प्रश्न – प्राआकेंद्र_एमओ

पावसाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या एका ठरावीक चित्राबद्दल विचारायचं आहे. रात्री जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेला, एरवी धडधाकट माणूस पहाटे चार-पाचला पोटात कळा घेऊन येतो. एक-दोन उलट्या झालेल्या असतात. पोट तपासावं तर मऊ, कुठे दाबून फारसं दुखत नाही. घसा दुखतोय, थुंकी गिळवत नाही असं म्हणतो. बीपी थोडं वाढलेलं, नाडी जलद, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९८. तासाभरात पापण्या जड होतात. नातेवाईक ठामपणे सांगतात, काही चावलेलं नाही. अंगावर खूण नाही, सूज नाही, रक्तस्राव नाही.

अशा वेळी साप कुणी पाहिलेला नसताना निव्वळ लक्षणांवर एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) सुरू करावं का? निओस्टिग्मीन (लकवा मागे हटवायला देतात ते औषध) आधी द्यावं की नंतर? श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ आली हे सॅच्युरेशन पडण्याआधी कसं कळेल? आणि एएसव्हीच्या दहा व्हायल (कुप्या) देऊनही पापण्या उघडत नाहीत तेव्हा आणखी किती द्यायच्या?

हाताशी काय आहे तेही सांगतो: एएसव्हीच्या २० व्हायल, ॲट्रोपिन, निओस्टिग्मीन, ॲड्रेनॅलिन, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), लॅरिंगोस्कोप (ट्यूब टाकताना घसा पाहायचं उपकरण), पायाने चालवायचं सक्शन, ऑक्सिजनचे दोन बी-टाइप सिलिंडर. व्हेंटिलेटर नाही. व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय दीड तासावर, मध्ये घाट.

प्रतिसाद १ – फिजिशियन_उपजिल्हा

खूण शोधण्यात वेळ घालवू नका. मण्यारीचे विषदंत इतके लहान आणि बारीक असतात की दंश डास किंवा मुंगी चावल्यासारखा वाटतो. झोपलेला माणूस बहुधा जागाही होत नाही. विषात ऊती सडवणारा भाग जवळजवळ नसल्यामुळे सूज येत नाही. तुम्ही लिहिलेलं चित्र (जमिनीवर झोप, पहाटेची पोटदुखी, घसा, मग पापण्या) मण्यारदंशाचंच समजायचं आणि तसंच वागायचं. पापणी पडली म्हणजे विष अंगात भिनलेलं आहे. साप पाहिला नाही म्हणून एएसव्ही थांबवण्याचं काहीच कारण नाही.

खरी चूक होते ती पापणी पडण्याच्या आधीच्या तासात. 'ॲसिडिटी', 'फूड पॉयझनिंग', कधी 'मानसिक' असं लिहून रॅनिटिडीन-डायसायक्लोमिन (ॲसिडिटी आणि पोटातल्या कळांची औषधं) देऊन पेशंट घरी जातो आणि वाटेत त्याचा श्वास थांबतो. जून ते ऑक्टोबर या काळात पहाटे पोटदुखीने आलेल्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: रात्री कुठे झोपला होतात, आणि घसा दुखतोय का? उत्तर जुळलं तर लकव्याचं लक्षण नसलं तरी २४ तास ठेवून घ्या, दर तासाला तपासा. दंशानंतर लक्षणं दिसायला सहा ते बारा तासही लागू शकतात.

तपासणी वरून खाली करा, कारण लकवा त्याच क्रमाने उतरतो. आधी पापण्या: छताकडे मिनिटभर टक लावून बघायला सांगा, थकून खाली येतात का पाहा. मग बुबुळं चारी बाजूंना फिरतात का, एकाचे दोन दिसतात का. जीभ दातांच्या बाहेर काढून धरता येते का. मग मान. उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलून पाच सेकंद धरायला सांगा. मान उचलता आली नाही तर श्वासाचे स्नायू त्याच्या मागोमाग जाणार, हे गृहीत धरा. लहान मुलाला दोन्ही हात धरून हळूच उठवा. डोकं मागे लोंबकळलं तर तीच खूण.

बाकी आजार वेगळे कसे काढायचे? ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम वाहतो, स्नायू फडफडतात. मात्र एक सापळा आहे: त्याच विषबाधेत २४ ते ९६ तासांनी मान आणि श्वास दुबळे होतात, म्हणून मागच्या चार दिवसांत फवारणी किंवा औषध पोटात गेल्याचा इतिहास विचारा. गियाँ-बारे (मज्जातंतूंच्या आजाराने येणारा लकवा) सहसा पायांपासून वर चढतो आणि दिवस घेतो. पोटॅशियम कमी होऊन आलेल्या लकव्यात हातपाय लुळे पडतात, पण डोळे बहुधा शाबूत राहतात. इथे हेही ध्यानात ठेवा की मण्यारदंशातही पोटॅशियम उतरतं, म्हणून एवढ्या एका रिपोर्टवर निदान बदलू नका. बॉट्युलिझम (दूषित अन्नातल्या विषाने येणारा लकवा) मण्यारीसारखाच वरून खाली येतो; एकाच ताटातलं जेवलेले अनेकजण आजारी असतील तर त्याचा विचार करा. पण एकाच खोलीत झोपलेले दोघं-तिघं आजारी पडले तर तीच मण्यार सगळ्यांना चावलेली असू शकते. म्हणून शेजारी झोपलेल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, लगेच बोलावून तपासा. याला उशीर नको.

रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी जरूर करा. नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतलं २ मिली ताजं रक्त घ्या, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवा, मग एकदाच तिरपी करा. मण्यारीत रक्त गोठतं. गोठलं नाही तर घोणस डोक्यात आणा, कारण काही भागांत तिच्या दंशातही पापण्या पडतात. नळी साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल, अथवा प्लास्टिकची असेल, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि विनाकारण घोणशीचं निदान होतं.

प्रतिसाद २ – भूलतज्ज्ञ_आयसीयू

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी श्वासाबद्दल लिहिते, कारण मण्यारदंशात माणूस मरतो तो श्वास बंद पडून, आणि श्वास हातात घेतला तर बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. हृदय, मेंदू, मूत्रपिंड सहसा ठीक असतात.

सॅच्युरेशन हा उशिरा वाजणारा इशारा आहे. ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखीच उशिरा, कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाईपर्यंत आकडा ९७-९८ दिसत राहतो. त्याऐवजी दर १५ मिनिटांनी एका श्वासातली मोजणी घ्या. खोल श्वास घेऊन सेकंदाला साधारण दोन आकडे या वेगाने मोठ्याने मोजायला लावा. आपले एकोणतीस, एकोणचाळीस असे आकडे लांबतात आणि वेग बिघडतो, म्हणून 'एक ते दहा' हेच पुन्हा पुन्हा म्हणू द्या आणि तुम्ही हिशेब ठेवा. निरोगी माणूस ४०च्या आसपास सहज पोचतो. २०च्या खाली आला की ट्यूबची तयारी, १५च्या खाली थांबू नका. घशात लाळ साठून खळखळ येणं, आवाज नाकातून येणं, श्वास घेताना छाती वर आणि पोट आत जाणं, मान न उचलणं यांपैकी काहीही दिसलं आणि पुढे दीड तासाचा घाट असेल, तर ट्यूब तुमच्याच केंद्रात, उजेडात, टेबलावर टाका. चालत्या गाडीत वळणावर ती टाकता येणार नाही.

पेशंट पूर्ण जागा असतो हे क्षणभरही विसरू नका. तो हलू शकत नाही, डोळे उघडू शकत नाही, पण त्याला सगळं ऐकू येतं आणि टोचलेलं दुखतं. ट्यूब टाकण्याआधी त्याला सांगा काय करताय, आणि गुंगीसाठी मिडाझोलॅम १-२ मिग्रॅ किंवा केटामीन किलोला १ मिग्रॅ द्या. स्नायू आधीच ढिले असतात, त्यामुळे स्नायू शिथिल करणारं औषध बहुधा लागत नाही. आधी सक्शन, मग तीन मिनिटं ऑक्सिजन. बाईला ७ किंवा ७.५ ची ट्यूब, दातांशी २१ सेंमी. पुरुषाला ८ ची, २३ सेंमी. दोन्ही बाजूला छाती आणि पोटावर स्टेथोस्कोप लावून खात्री, मग पट्टी. ट्यूब जमलीच नाही तर आय-जेल (स्वरयंत्राच्या वर घशात बसणारी नळी) टाका: ३० ते ६० किलोला ३ नंबर, ५० ते ९० ला ४ नंबर. तेही नसेल तर तोंडात एअरवे (जीभ मागे पडू न देणारी आखूड नळी) घालून दोन हातांनी मास्क घट्ट धरा, दुसऱ्याने बॅग दाबावी. व्हेंटिलेटर नसला तरी बॅगवर माणूस तासन् तास जगवता येतो.

बॅग दर पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती उठताना दिसेल एवढीच दाबायची. घाबरलेल्या हाताने मिनिटाला ३० वेळा दाबली जाते. त्याने पोट फुगतं, उलटी होते, बीपी पडतं. नातेवाइकाच्या हातात बॅग द्यावी लागली तर 'एक हजार एक, एक हजार दोन' असं पाचपर्यंत मोजून दाबायला शिकवा, आणि दर दहा मिनिटांनी माणूस बदला.

अत्यंत महत्त्वाची गोष्ट: मण्यारदंशात बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा होतात. हालचाल नाही, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीत, बाहुल्या पसरलेल्या. हे हुबेहूब मेंदूमृत्यूसारखं दिसतं आणि ते नसतं. या आधारावर कुणीही बॅग थांबवू नये, नातेवाइकांना 'आता काही उरलं नाही' म्हणू नये. पायाचा अंगठा किंवा बोटाचं टोक हलवायला सांगा. पुष्कळदा तेवढी हालचाल शिल्लक असते आणि त्यावरच हो-नाहीची खूण ठरवता येते.

प्राआकेंद्र_एमओ

मॅडम, सर, आभारी आहे. निओस्टिग्मीन आणि एएसव्हीचा क्रम आणि मात्रा कुणी नेमकी सांगेल का? आमच्याकडे रिॲक्शनच्या भीतीने एएसव्ही लांबणीवर टाकलं जातं. टेस्ट डोसही अजून बऱ्याच ठिकाणी देतात.

प्रतिसाद ३ – फिजिशियन_उपजिल्हा

टेस्ट डोस बंद करा. त्वचेखालच्या टेस्टने रिॲक्शन येणार की नाही हे कळत नाही, उलट अर्धा तास जातो.

एएसव्ही आणि निओस्टिग्मीन बरोबरच सुरू करा. एकाच्या निकालासाठी दुसरं अडवू नका. दहा व्हायल, मूल असो, गरोदर बाई असो वा मोठा माणूस, मात्रा तीच. विष किती टोचलं गेलं ते चावलेल्याच्या वजनावर ठरत नाही. मुलात फक्त सलाईनचं प्रमाण बदलतं, किलोला ५ ते १० मिली. प्रत्येक व्हायलमध्ये सोबतचं १० मिली पाणी घालून हातात हळू फिरवा, हलवून फेस करू नका. फेसात औषध वाया जातं. दोघांनी मिळून दहा व्हायल विरघळवा, एकट्याला फार वेळ लागतो. मोठ्या माणसात २०० ते ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घालून साधारण तासाभरात संपवा. पहिली दहा-पंधरा मिनिटं हळू, आणि तुम्ही स्वतः शेजारी.

ड्रिप लावण्याआधी ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवा. अंगावर गांध्या, खाज, खोकला, शिट्टीसारखा श्वास, बीपी पडणं, अचानक पोटात कळ, यांपैकी काही दिसलं तर ड्रिप बंद आणि १ मिलीत १ मिग्रॅवाल्या ॲम्प्यूलमधलं अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मुलाला किलोला ०.०१ मिग्रॅ. पाच-दहा मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर द्या, ॲड्रेनॅलिनच्या जागी कधीच नाही. पेशंट सावरला की तीच ड्रिप हळू सुरू करा. रिॲक्शन आली म्हणून एएसव्ही कायमचं थांबवायचं नाही. सुरू करण्याआधी ०.२५ मिग्रॅ ॲड्रेनॅलिन त्वचेखाली दिल्यास तीव्र रिॲक्शन कमी होतात, हे श्रीलंकेतल्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. वयस्कर, हृदयरोगी, बीपी फार वाढलेल्या पेशंटमध्ये मात्र टाळा. तास-दोन तासांनी नुसती थंडी वाजून ताप आला तर ती वेगळी, औषधातल्या अशुद्धीची रिॲक्शन. पॅरासिटामॉल आणि पांघरूण पुरतं.

निओस्टिग्मीनचं असं. आधी ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ शिरेतून (एक ॲम्प्यूल), मग निओस्टिग्मीन १.५ मिग्रॅ (०.५ मिग्रॅच्या तीन ॲम्प्यूल). ॲट्रोपिन विसरलात तर नाडी मंदावते आणि आधीच लाळ साठलेल्या घशात आणखी लाळ सुटते. मुलाला किलोला निओस्टिग्मीन ०.०४, ॲट्रोपिन ०.०५ मिग्रॅ. देण्याआधी पापणीची फट मिलीमीटरमध्ये आणि श्वासातली मोजणी लिहून ठेवा, नंतर दर दहा मिनिटांनी. मग दर अर्ध्या तासाने ०.५ मिग्रॅ, पुन्हा ॲट्रोपिनसह. स्पष्ट फरक पडला तर बहुधा तो नागदंश. तीन मात्रांनंतर काहीच हललं नाही तर थांबवा. मण्यारीत हेच अपेक्षित आहे.

कारण समजून घेतलं की मात्रेचा गोंधळ संपतो. नागाचं विष स्नायूवरच्या ग्राहीवर (मज्जातंतूचा निरोप घेणाऱ्या जागेवर) बसतं. निओस्टिग्मीनने ॲसिटिलकोलिन (मज्जातंतूचा निरोप स्नायूला नेणारं रसायन) वाढवून त्याला मागे रेटता येतं. मण्यारीचं मुख्य विष, बीटा-बंगारोटॉक्सिन, मज्जातंतूचं टोकच आतून मोडतं. ॲसिटिलकोलिन सोडणारी जागाच गेली, तर वाढवणार काय? मोडलेलं टोक पुन्हा उगवायला दिवस लागतात आणि एएसव्ही ते जोडू शकत नाही. ते फक्त रक्तात मोकळं फिरणारं विष बांधतं. म्हणून लवकर दिलेल्या दहा व्हायल उपयोगी, उशिरा दिलेल्या चाळीस निरुपयोगी. लकवा वाढत असेल तर तास-दोन तासांनी आणखी दहा. एकूण वीस, त्यापुढे नाही. पापणी उघडेपर्यंत देत राहिलात तर पुढच्या घोणसदंशाच्या पेशंटसाठी केंद्रात व्हायल उरणार नाही.

प्रतिसाद ४ – सर्पमित्र_रायगड

नातेवाईक कधी मेलेला साप घेऊन येतात, तेव्हा एक घोळ हमखास होतो. बिनविषारी कवड्या आणि मण्यार दिसायला जवळचे. मण्यारीचे (कोकणात कांडर) पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात, मानेजवळ नसतात किंवा नुसते ठिपके असतात, आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. शंका असेल तर पाठीच्या मधोमध बघा: मण्यारीच्या तिथल्या खवल्यांची रांग मोठी, षटकोनी असते, कवड्याची नसते. हात लावू नका, मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं. आणि साप कवड्या निघाला पण पापण्या पडताहेत, तर पापण्यांवर विश्वास ठेवा. घरात सापडलेला साप चावलेलाच असेल असं नाही.

प्रतिसाद ५ – १०८_डॉक्टर

घाटाच्या प्रवासाबद्दल. निघण्याआधी ऑक्सिजनचा हिशेब करा. पूर्ण भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतात. मिनिटाला १० लिटरने अडीच तास, अर्धा भरलेला असेल तर सव्वा तास. म्हणजे दीड तासाच्या घाटाला अर्धा सिलिंडर पुरत नाही. गेज बघा, दुसरा सोबत घ्या, चावी गाडीतच आहे ना ते तपासा.

ट्यूब नसलेला पण लाळ साठणारा पेशंट उताणा नेऊ नका, डाव्या कुशीवर वळवा. पायावर करकचून दोरी बांधून आणला असेल तर एएसव्ही सुरू होऊन सक्शन आणि बॅग तयार असताना सैल करा. एकदम सोडल्यावर अडकलेलं विष झपाट्याने पसरून श्वास तिथेच थांबू शकतो. एएसव्हीची ड्रिप चालू असेल तर ॲड्रेनॅलिन भरलेली सिरिंज ड्रायव्हरमागच्या पेटीत नको, हाताशी हवी.

पुढच्या रुग्णालयाला फोन करताना 'सर्पदंश आहे' एवढं पुरत नाही. 'मण्यार, श्वास जातोय, व्हेंटिलेटरचा बेड लागेल' असं सांगा आणि बेड रिकामा असल्याचं ऐकूनच निघा. नसेल तर थेट पुढच्या ठिकाणी. एकही मोकळा बेड नसलेल्या रुग्णालयात थांबण्यात जाणारा अर्धा तास ट्यूब नसलेल्या पेशंटला परवडत नाही.

रेफरल चिठ्ठीवर वेळा लिहा: लक्षण कधी सुरू, पापणी कधी पडली, मोजणी किती होती आणि किती झाली, एएसव्हीच्या किती व्हायल कधी सुरू, निओस्टिग्मीनला प्रतिसाद आला की नाही. आलेला प्रतिसाद लिहिला नाही तर पुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून दिलं जातं. निदानाच्या रकान्यात 'अज्ञात विषबाधा' असं मोघम न लिहिता 'संशयित मण्यारदंश' असंच लिहा आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करा. पेशंट शेतकरी कुटुंबातला असेल आणि दगावला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतली दोन लाखांची मदत मिळवायला त्या घराला हाही कागद लागतो.

प्रतिसाद ६ – भूलतज्ज्ञ_आयसीयू

व्हेंटिलेटरवर गेल्यानंतर नातेवाइकांना काय सांगायचं, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून जोडते. साधारण दोन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त. या काळात औषध कमी, निगा जास्त: दोन तासांनी कूस, डोळ्यांत मलम, कारण पापण्या पूर्ण मिटत नाहीत आणि बुबुळ सुकून पांढरं पडतं, पोटॅशियम-सोडियम रोज, नळीने अन्न. गुंगीचं औषध चालू ठेवा, जागा असेल तेव्हा दिवस-वार सांगा, घरच्यांना त्याच्याशी बोलायला लावा. पापण्या पूर्ण उघडण्याची वाट न पाहता, मान पाच सेकंद उचलून धरली, खोकला जोराचा आला आणि जीभ बाहेर निघाली की व्हेंटिलेटर सोडवायला सुरुवात करा. ट्यूब काढल्यावरही २४ तास तीच मोजणी दर दोन तासांनी घेत राहा.